फाशांचे घरगुती नियम
'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळात ज्या फाशावर 'एक', म्हणजे सर्वांत वाईट अंक, पडतो तो बाजूला ठेवणे ही निव्वळ अंधश्रद्धा आहे, असे काही जण म्हणतात; माझे मत वेगळे आहे. सांगलीत विश्रामबागला आमचा गट रविवारी जमतो, आणि वीस बाजूंच्या फाशावर लागोपाठ दोनदा एक पडला की तो फासा आजीच्या पितळी करंड्यात, हळदीने पिवळ्या झालेल्या तळाशी, डाव संपेपर्यंत बंद राहतो. त्याने एक पडण्याची शक्यता बदलत नाही, ती प्रत्येक वेळी ५ टक्केच असते. पण खचलेल्या खेळाडूकडे सगळ्यांचे लक्ष आपुलकीने वळते, हे मला मोलाचे वाटते. या खेळाच्या २०१४ च्या नियमांत वीस पडल्यास हल्ला हमखास लागतो, कौशल्याच्या कसोटीत (भिंत चढणे, कुलूप उघडणे अशा प्रयत्नांत) मात्र तसे हमखास यश नाही. तिथेही ते देणे हा घरचा, म्हणजे गटाने स्वतः ठरवलेला, नियम. आमच्याकडे नव्या खेळाडूपुढे भडंगाची ताटली ठेवतानाच तो सांगितला जातो.