आई गोंड, बाप कुणबी: मुलीच्या जातीच्या रकान्यात काय लिहायचं?

मोहफूल (धागा यांचा)

मागच्या सोमवारी मुलीला पहिलीत टाकायला गेले. गुरुजींनी दाखल-खारीज रजिस्टर उघडलं, पोरीचं नाव लिहिलं, माझं लिहिलं, तिच्या बाबांचं लिहिलं. जातीच्या रकान्यावर आले आणि मला न विचारताच 'कु' लिहायला पेन टेकवलं. मी म्हटलं, गुरुजी, थांबा. "बापाचीच लागते नं बाई," ते म्हणाले. माणूस वाईट नाही. रकाना कोरा ठेवला, पानात आगपेटीची काडी घालून रजिस्टर मिटलं आणि आठ दिवसांत सांगा म्हणाले.

मी गोंड. माहेर माणिकगड पहाडावर, जिवती तालुक्यात. नवरा धनोजे कुणबी, गाव खाली वर्धा नदीच्या काठी, कापूस-तुरीचं. लग्न 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदवलं. त्यात तीस दिवसांची नोटीस लागते. त्या तीस दिवसांत दोन्हीकडच्या लोकांनी काय नाही केलं, ते इथे लिहीत नाही. पुढे चार वर्षं सासरचं दार बंद होतं. पोरगी त्या काळात माझ्या आईजवळ, पहाडावरच वाढली. अजूनही झोपेतून उठली की पाणी मागताना 'येर' म्हणते, पाणी म्हणत नाही. तिचे बाबा म्हणतात, तुला जे योग्य वाटते ते लिही.

सवलतीसाठी विचारत नाही आहे. त्या रकान्यात 'कुणबी' लिहिलं की माझी आई, तिची भाषा, तिचे देव हे सगळं कागदावरून एका शब्दात पुसलं जाते, ते मला सहन होत नाही. तुमचं काय मत आहे? स्पष्ट सांगा.

पेनठाणा

जय सेवा, ताई. तुमच्या लग्नाबद्दल मला काही म्हणायचं नाही. रकान्यात मात्र कुणबीच लिहा.

आपल्यात माणूस गोंड असतो तो त्याच्या देवांमुळे. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. समान देवांची ती भावकी, तिथे सोयरीक होत नाही. हे देव बापाकडून येतात आणि बाई लग्न झालं की नवऱ्याच्या देवांत जाते. उद्या पोरीच्या सोयरिकीत कोणी विचारलं, किती देवांची, तर काय सांगाल? हा प्रश्न मी तुम्हाला दुखवायला विचारत नाही. आपला सगळा समाज या एका प्रश्नावर उभा आहे.

दुसरी गोष्ट जमिनीची. महसूल संहितेचं कलम 36 आणि 36-अ आहे म्हणून आदिवासीची जमीन बिगर आदिवासीच्या नावावर सहजासहजी चढत नाही. मग वाट कशी काढतात? आदिवासी बाईशी लग्न लावायचं, सातबारा तिच्या नावावर, वाहणारा दुसराच. शेजारच्या गावात असे दोन सातबारे मी स्वतः पाहिले. एका बाईला तर आपल्या नावावर किती एकर आहे हेही सांगता आलं नाही. तुमचे यजमान तसे नसतील, पण नियम एका घराकडे पाहून करता येत नाही.

खोट्या दाखल्यांवर आमच्या जागा किती वर्षं गेल्या, हे आदिवासी पोरांना विचारा. अशा दाखल्यावर मिळालेली नोकरी टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2017 मध्ये ठणकावून सांगितलं. तोवर आमची एक पिढी वय उलटून घरी बसली होती. म्हणून दाराची फट थोडीही मोठी केलेली आम्हाला चालत नाही.

निळी पहाट

जय भीम. मी ब्रह्मपुरीकडचा. पेनठाणा दादांचा राग समजतो, पण ओळख बापाच्या देवांतूनच येते हे पटत नाही.

लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी 1936 साली भाषण लिहिलं. मंडळाने ते होऊ दिलं नाही, तेव्हा त्यांनी स्वतः छापून काढलं. त्यात त्यांनी सहभोजनाने भागणार नाही, जात मोडायची तर बेटीव्यवहार झाला पाहिजे, असं म्हटलं आहे. 1948 मध्ये त्यांनी स्वतः सारस्वत ब्राह्मण घरातल्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी लग्न केलं. आणि ओळखीचं म्हणाल तर माझे आजोबा 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला जाताना महार होते, परतले तेव्हा बौद्ध होते. घरी येऊन आजीने देव्हारा उतरवला, तो पाट आमच्याकडे अजून आहे, त्यावर आता पिठाचा डबा असतो. हजार वर्षांची ओळख एका दिवसात बदलता येते, फक्त माणसाने ठरवावं लागते.

आपल्या देशात शंभरातली पाचच्या आसपास लग्नं आंतरजातीय होतात. त्या पाचांतल्याही लेकरांना परत बापाच्या जातीत कोंबायचं असेल तर काय मोडलं आपण? ताई, रकाना कोरा ठेवा.

तराजू

कायद्यापुरतं लिहितो. कोरा रकाना पुढे फार त्रास देतो. दाखल्याच्या वेळी शाळेची पहिली नोंदच बघतात.

जानेवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका प्रकरणात असं ठरवलं की आई-बापांपैकी एक आदिवासी असेल तर मूल बापाच्या जातीचं, असं गृहीत धरलं जाईल. बाप पुढारलेल्या जातीतला असेल तर हे गृहीतक आणखी पक्कं होते. पण ते मोडून काढता येते. मूल आदिवासी आईनेच वाढवलं, तिच्या समाजाने त्याला आपलं मानलं, त्या समाजाच्या वाट्याला येणारी वंचना आणि अपमान त्यानेही सोसला, हे पुराव्याने दाखवावं लागते.

तुमची स्वतःची जमात लग्नाने बदललेली नाही, हे लक्षात ठेवा. ती जन्माने आहे. उलट बाजूने, पुढारलेल्या जातीतली बाई मागास घरात लग्न करून गेली म्हणून तिला आरक्षण मिळत नाही, हे 1996 सालीच ठरलं आहे.

काळी माती

रामराम. मी वणीकडचा, वय बहात्तर. मी सांगून राहिलो, नातू टाईप करून राहिला.

ताई, मी तुमच्या सासऱ्याच्या जागी होतो. माह्या मोठ्या पोराने जातीबाहेर केलं. म्या त्याला तीन वर्षं घरात घेतलं नाही. आता सारे मला नावं ठेवतात, पण तवा काय झालं ते कोणी विचारत नाही. धाकट्या पोरीची सोयरीक पक्की झाली होती. साखरपुड्याची तारीख निघाली होती, पन्नास किलो साखर घरात आणून ठेवली होती. भावाची गोष्ट तिकडं समजली आन् त्यायचा निरोप आला, राहू द्या. ती पोट्टी दोन महिने विहिरीवर पाण्याले गेली नाही, बाया विचारतात म्हणून. पोराने आपल्या मनाचं केलं, त्याची भरपाई बहिणीने केली. तुमी शिकलेले लोक याले काय म्हणता? गावात लग्न दोघांचं नसते. मयत झाली तर खांदा कोण देईल, नांगरणीले बैल कोण देईल, सारं त्या सोयरिकीतच असते.

बदलाले माहा विरोध नाही. माह्या लग्नाच्या वक्ती धनोजे अन् तिरळ्याची सोयरीक होत नव्हती. बावणे, खैरे, झाडे, सारे आपापले. आता मेळाव्याच्या पत्रिकेवर सर्वशाखीय कुणबी लिहितात अन् कोणी काही म्हणत नाही. कारण शेती करणाऱ्या पोराले पोरगीच भेटत नाही. गरज पडली तशी जात मोठी झाली. आन् जे काम गरजेने पन्नास वर्षांत झालं, ते एका पोट्टीच्या माथ्यावर एका दिवसात काहून टाकता? बापाचं नाव हाये, बापाचं वावर हाये. कुणबी लिहा, गावात तिले कोणी तिरपं बोलणार नाही.

निळी पहाट

काका, तुमच्या मुलीचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण तिची सोयरीक तुमच्या पोराने मोडली नाही, ज्यांनी निरोप पाठवला त्यांनी मोडली. जातीबाहेर लग्न केलं म्हणून वाळीत टाकणं हा आता गुन्हा आहे. महाराष्ट्रात त्यासाठी सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा 2017 पासून लागू आहे.

आणि शाखा एक झाल्या त्या कुणब्यांच्या कुणब्यांतच. त्या मेळाव्यात गोंडाची पोरगी बसेल का?

काळी माती

नाही बसणार. खोटं काहून बोलू. सोयरीक केली नाही म्हणून त्यायच्यावर कोणता कायदा लावता, तेही सांगा.

सालेकशाची

मोहफूल ताई, तुमच्या मुलीच्या जागी पंचवीस वर्षांनी जी असेल, ती मी आहे. बाप पोवार, आई गोंड. मी चार वर्षांची असताना बाप आम्हाला सोडून गेला. आईने तेंदूपत्ता, मोहफूल आणि धानाच्या रोवण्यावर मला वाढवलं, तिच्याच टोल्यावर, म्हणजे पाड्यावर. शाळेत माझी जात बापाची लागली. टोल्यावर मी गोंडीन आणि कागदावर पोवार, असं अख्खं बालपण गेलं.

वर तराजू यांनी लिहिला तोच निकाल हातात घेऊन मी जमातीच्या दाखल्यासाठी अर्ज केला. आईच्या वडिलांची कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीतली नक्कल होती, 6 सप्टेंबर 1950 च्या, म्हणजे जमातींची यादी निघाली त्या तारखेच्या आधीची, त्यात 'गोंड' स्पष्ट लिहिलेलं. टेबलावरच्या माणसाने ती पाहिलीही नाही. म्हणाला, वडिलांकडचे कागद आणा. तीन वेळा गेले, तीन वेळा तेच. चौथ्या वेळी आई सोबत आली. तिने लुगड्याच्या पदरातून नांगराने चिरलेला आपला अंगठा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, इला वाढवणारे कागद हे आहेत, लावता का? कोणी काही बोललं नाही. दाखला अजून नाही.

पेनठाणा दादा, तुमचं सातबाऱ्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, आमच्याकडेही तेच चालते. पण तुमच्या नियमात जमीन लाटणारा जावई आणि मला वाढवणारी आई एकाच मापाने मोजले जातात. माघ पौर्णिमेला मी दरवर्षी आईसोबत कचारगडला, आपल्या गोंडांच्या यात्रेला जाते, लहानपणापासून. गुहेच्या वाटेवर मला कोणी विचारलं नाही, तुझा बाप कोण. फक्त कागद विचारतो. आणि आता तुम्ही.

पेनठाणा

बहिणी, तुझ्या आईला माझा जोहार. तुझ्या अर्जाला माझा विरोध नाही. तुझ्याजवळ सोसल्याचा पुरावा आहे. ज्या पोरीला बापाची काळी माती आहे आणि आईची जमातही हवी, तिच्याबद्दल मी बोलतोय.

निळी पहाट यांना एक सांगतो. तुमच्या आजोबांनी देव्हारा उतरवला, कारण ती ओळख तुमच्यावर लादलेली होती, तिच्यात अपमान होता. ती टाकली तेव्हा तुम्ही मोकळे झालात. आमची ओळख आम्हाला टाकायची नाही. आम्ही ती पुसणाऱ्यांपासून वाचवतो आहोत. एकच औषध दोन्ही रोगांवर चालत नाही. तुम्ही म्हणता मिसळा. जे थोडे आहेत आणि ज्यांची भाषा शाळेत नाही, ते मिसळले की उरतात का? देशात एक कोटीहून जास्त गोंड आहेत. 2011 च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे तीस लाखही भरले नाहीत. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, ही भाषा अजून नाही.

निळी पहाट

लादलेली ओळख आणि वाचवायची ओळख, हा फरक मी लिहिताना पाहिला नव्हता. मान्य. तरी ताईंच्या मुलीला कोणत्या रांगेत उभं करायचं हे तिच्या जन्माआधी ठरलेलं असावं, हे मला मान्य होणार नाही.

मोहफूल

सगळ्यांचं दोनदा वाचलं. काळी माती काका, तुमच्या धाकट्या मुलीचं वाचून माझी नणंद आठवली. तिचंही लग्न आमच्यामुळे दोन वर्षं लांबलं आणि त्याबद्दल मी तिच्याशी आजवर एक शब्द बोलले नाही. या रविवारी बोलेन.

पेनठाणा दादा, गोंडीबद्दल मला तुमचं पटत नाही. ती आंतरजातीय लग्नांमुळे गेली नाही. माझी सख्खी चुलत बहीण गोंडाच्याच घरी दिली, सगळे देव बघून, आणि तिची दोन्ही लेकरं मराठीच बोलतात. आश्रमशाळेत आम्ही गोंडी बोललो की आमच्या बाई हातावर पट्टी मारायच्या, मग पुढे आपल्या लेकरांशी कोण बोलणार? माझ्या पोरीला भाषा आली ती मी चार वर्षं सासरी जाऊ शकले नाही म्हणून, हे लिहिताना मलाच कसंतरी होत आहे.

पण जमिनीचं आणि जागांचं तुमचं म्हणणं मी मानलं. सालेकशाच्या ताईने जे सोसलं ते माझ्या पोरीने सोसलेलं नाही. तिला बापाचं वावर आहे, आजोबा आता रोज सायकलवर बसवून फिरवतात. तिच्या नावापुढे 'गोंड' लिहून पहाडावरच्या एखाद्या पोराची जागा उद्या ती घेणार असेल तर ते मला नको. म्हणून आज शाळेत जाऊन जातीच्या रकान्यात 'कुणबी' लिहायला सांगितलं. हात थरथरत होते.

गुरुजी रजिस्टर मिटायला लागले तेव्हा मी पुढचा रकाना दाखवला, मातृभाषेचा. तिथेही त्यांनी सवयीने 'मराठी' लिहिलं होतं. म्हटलं, ते खोडा. गुरुजी म्हणाले, खाडाखोड चालत नाही. मी म्हटलं, लाल शाईने खोडा आणि बाजूला सही करा, मी पण करते. त्यांनी खोडलं आणि विचारलं, 'गोंडी'तला 'डी' दीर्घ का? पूर्ण रजिस्टरात तो शब्द पहिल्यांदाच लिहिला म्हणाले, आणि आमच्या गावात गोंडांची अकरा घरं आहेत.

पेनठाणा

त्या अकरा घरांतली लेकरं कोणत्या वर्गांत आहेत ते कळवाल का ताई? त्यांच्या मायबापांशी बोलायला मी येतो. देवांबद्दलचं माझं मत तेच आहे. तरी माघ पौर्णिमेला पोरीला घेऊन कचारगडला या. आमच्या भुमकाला, म्हणजे पुजाऱ्याला, तिच्याबद्दल विचारीन. तो हो म्हणेल असा शब्द देत नाही.