मदत हवी आहे: पोस्टडॉकसाठी (पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी) मार्गदर्शक कसा शोधावा?

नमस्कार मंडळी. नागपूर विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रातला पीएचडीचा प्रबंध सादर करून चार महिने झाले. व्हायव्हा (तोंडी परीक्षा) कधी, देव जाणे! विषय संत्र्याच्या बागेतल्या मातीतले जिवाणू.

एएनआरएफच्या (संशोधनाला निधी देणारी केंद्र सरकारची संस्था) राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपला प्रबंध सादर केलेलेही अर्ज करू शकतात. मुदत २ वर्षं, वयोमर्यादा ३५, महिलांना ५ वर्षांची सवलत. म्हणजे ३६व्या वर्षीही मी बसते. पण आधी मार्गदर्शकाचा होकार लागतो, तिथंच गाडी अडलीय. दहा-बारा प्राध्यापकांना ईमेल केले, उत्तर एकाचंच आलं: ‘सध्या निधी नाही.’ अहो, फेलोशिप माझी मीच आणणार आहे! हे पहिल्याच ओळीत लिहावं का? की थेट जाऊन भेटावं?

इथल्या नीरी (पर्यावरण संशोधन संस्था), व्हीएनआयटी (अभियांत्रिकी संस्था) किंवा लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत कुणी असं केलंय का? लेक पहिलीत आहे, म्हणून नागपूरच बरं.