ज्युरीला 'वाजवी शंका' चुकीची समजावली तर अपील टिकतं का? (कॅलिफोर्निया) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, तातडीचं आहे म्हणून थेट लिहितो. माझा मावसभाऊ कॅलिफोर्नियात असतो, ग्रीन कार्डवर. पार्किंगमधल्या मारामारीवरून त्याच्यावर फेलनीची, म्हणजे गंभीर गुन्ह्याची केस झाली, ज्युरीने दोषी धरलं आणि गेल्या आठवड्यात शिक्षाही सुनावली. कोणी मारलं हे पाहणारा साक्षीदार एकच, तोही रात्री आणि लांबून, म्हणजे सगळी केस शंकेच्या मुद्द्यावरच अडली होती.

आता खरी गोष्ट. ज्युरी निवडताना जजसाहेबांनी रिझनेबल डाउट, म्हणजे वाजवी शंका (जी उरली तर आरोपीला दोषी धरायचं नसतं) समजावायला सुट्टीचं उदाहरण दिलं. पुढच्या सुट्टीची विमानाची तिकिटं तुम्ही आत्ताच काढता, तेव्हा कुठे शंभर टक्के खात्री असते, तरी काढताच ना, तसंच हे! मी तिथेच बसलो होतो, दोघंतिघं चक्क माना डोलावत होते. अहो, तिकीट रद्द करता येतं, माणसाची तुरुंगातली वर्षं कशी रद्द करणार? शेवटी त्यांनी कॅलक्रिम 220 ही ज्युरीसाठीची ठरलेली छापील सूचना नीट वाचून दाखवली, आरोप खरा असल्याची टिकून राहणारी खात्री हवी वगैरे. आमच्या वकिलाने उदाहरणाला ऑब्जेक्शन घेतलंच नाही आणि आता म्हणतो सोडून द्या.

मला सोडवत नाही. मी वाचलं त्यात 1990 च्या केज विरुद्ध लुइझियानामध्ये ज्युरीला निर्दोष सोडायला गरजेपेक्षा मोठी शंका लागते असं सांगितलं गेलं म्हणून अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली, आणि 1993 च्या सलिव्हन विरुद्ध लुइझियानामध्ये म्हटलं की अशी चूक असेल तर 'बाकी पुरावा भक्कम होता' म्हणून ती खपवून घेता येत नाही. पण 1994 च्या व्हिक्टर विरुद्ध नेब्रास्कात अमुकच शब्द हवेत असं नाही, सगळ्या सूचना मिळून ज्युरीचा गैरसमज झाला असण्याची शक्यता किती ते बघा असं आलं, तिथे धाकधूक होते. आशा वाटते ती 2004 च्या पीपल विरुद्ध जॉन्सनमुळे, कॅलिफोर्नियाच्याच अपील कोर्टाचा निकाल, तिथेही जजने सुट्टीचे बेत आणि विमानाचीच उदाहरणं दिली होती आणि शिक्षा रद्द झाली. शिवाय कॅलिफोर्नियाच्या पीनल कोडच्या (फौजदारी कायद्याच्या) कलम 1259 प्रमाणे हक्कांवर परिणाम झाला असेल तर ऑब्जेक्शन नसतानाही सूचना तपासता येते म्हणे.

काका म्हणाले नानावटी खटल्यातही ज्युरीला चुकीचं सांगितलं हा मुद्दा होता. खरंय, पण तिथे ज्युरीने 8 विरुद्ध 1 असं सोडलं होतं आणि हायकोर्टाने दोषी धरलं, आमचं नेमकं उलटं.

तर विचारायचं हे की नोटीस ऑफ अपीलला (अपील करतोय हे कोर्टाला कळवण्याच्या अर्जाला) शिक्षेपासून 60 दिवस आहेत, ती मी भरून घेतोच, पण ज्युरी निवडीचा भाग नेहमीच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये (सुनावणीच्या शब्दशः नोंदीत) येत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज लागतो असं दिसतंय, तो कधी आणि कोणी करायचा? आमचा सगळा मुद्दा त्याच पानांत आहे हो. शेवटची सूचना बरोबर होती म्हणून आधीचं उदाहरण धुऊन निघालं असं कोर्ट म्हणेल का? आणि अपील चालू असताना ग्रीन कार्डला धोका असतो का, त्यासाठी इमिग्रेशनचा वकील आत्ताच गाठायचा का?

पैसे जवळपास संपलेत, कोर्टाकडून अपीलचा वकील मिळतो त्याचा अनुभव कोणाला असेल तर प्लीज सांगा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल. मावशी रोज रात्री फोन करते आणि तिला काय सांगावं कळत नाही.