सुतारकामाची अप्रेंटिसशिप सुरू करतोय, आधी कशावर हात बसवू?

नवा_शिकाऊ
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यापासून एका वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस म्हणून लागतोय. दारं, खिडक्यांच्या चौकटी, जिने, भिंतीत बसवायची कपाटं असं सगळं तिथे बनतं आणि साइटवर जाऊन बसवायचं कामही तेच करतात. मला हे काम मनापासून शिकायचंय, नुसतं टाइमपास म्हणून नाही. आतापर्यंत घरी थोडीफार फळ्यांची शेल्फं केलीत, तेवढंच. आता प्रश्न असे की सुरुवातीला कुठली हत्यारं स्वतःची घ्यावीत, आणि हल्ली सगळं मशीनवरच होतं म्हणतात तर रंधा-पटाशी अशी हाताची हत्यारं शिकण्यात वेळ घालवावा का. शिवाय माझं गणित यथातथाच आहे, ते किती लागतं? आणि शेवटचं म्हणजे तिथले लोक आत्ताच सांगतायत की पहिले काही महिने झाडणं, माल उचलणं आणि सँडिंग एवढंच असेल, तर हे असंच असतं का मला फुकटचा हमाल म्हणून घेतायत? कोणी या लाइनमधलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

जुना_रंधा
अभिनंदन रे. माझं एकच सांगणं, आधी आखणी शीक. कापणं नंतर येतं. बहुतेक काम बिघडतं ते करवत चालायच्या आधीच, खूण करताना. लाकडाची एक चांगली बाजू निवडायची, ती सपाट करायची, मग तिच्याशी काटकोनात एक कड सरळ करायची, दोन्हीवर पेन्सिलने निशाणी करायची आणि त्यानंतर त्या तुकड्यावरचं प्रत्येक माप, प्रत्येक वेळी गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) त्याच दोन बाजूंना टेकवून घ्यायचा. एकदा या बाजूने एकदा त्या बाजूने असं केलंस की चारही कोपऱ्यांत थोडा थोडा फरक येतो आणि चौकट जोडताना पीळ दिसतो, मग कितीही क्लॅम्प आवळ, काही उपयोग नाही.

दुसरं, रेघेच्या कुठल्या अंगाला कापायचं ते आधी ठरव आणि टाकाऊ भागावर फुली मार. पात्याची स्वतःची जाडी असते, टेबल सॉचं, म्हणजे टेबलात बसवलेल्या गोल मशीन-करवतीचं, साधारण 3 मिमी खातं, म्हणजे एका फळीतून पाच तुकडे काढताना चार काप पडले तर 12 मिमी भुशात गेले, ते कटिंग लिस्टमध्ये धरलं नाही तर शेवटचा तुकडा आखूड पडणारच. सांध्याची खूण पेन्सिलने नको, चाकूने कर, पटाशीची धार त्या खाचेत आपोआप बसते. आणि टेपच्या टोकाचा हूक थोडा हलतो तो मोडलाय समजून ठोकून घट्ट करू नकोस, तो मुद्दाम स्वतःच्या जाडीइतका हलता ठेवलेला असतो म्हणजे आतलं माप आणि बाहेरचं माप दोन्ही बरोबर येतं. एका कामाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच टेप वापर.

गणिताचं म्हणशील तर बेरीज-वजाबाकी, भागाकार आणि काटकोन एवढ्यावर बरंच निभतं. कोपरा काटकोनात आहे का बघायला एका बाजूला 600 मिमी, दुसऱ्या बाजूला 800 मोज, तिरकं 1000 आलं की बरोबर. चौकटीचे दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. जिन्याला थोडं डोकं लागतं, समज मजल्याची उंची 2700 मिमी आहे आणि 15 चढ धरले तर एक चढ 180 चा, पण पायऱ्या 14 च लागतात कारण शेवटचा पाय वरच्या मजल्यावरच पडतो. दुप्पट चढ अधिक पायरीची रुंदी 600 ते 640 च्या आसपास आली की पायाला बरं वाटतं, म्हणजे 180 चढाला 260 ची पायरी. सगळे चढ सारखे हवेत, एखादा जरी कमीजास्त झाला तरी माणूस तिथेच अडखळतो.

पटाशी_ताई
जुन्या दादांशी सहमत, हत्यारांबद्दल मी लिहिते. मोठा सेट घेऊ नका प्लीज. वर्कशॉपमध्ये काय आहे, काय स्वतःचं आणायला सांगतात ते आधी विचारा. तोपर्यंत 5 मीटरचा टेप, एक चांगला गुण्या, आखणीचा चाकू, 6, 12 आणि 25 मिमीच्या तीन पटाश्या, लाकडी हातोडा आणि धार लावायचा दगड, बास. गुण्या घेताना दुकानातच तपासा, सरळ कडेच्या फळीवर टेकवून एक रेघ मारायची, मग तोच गुण्या उलटा फिरवून त्याच जागेवर दुसरी मारायची, दोन्ही एकावर एक पडल्या तर ठीक, वर जाऊन फाकल्या तर परत ठेवा.

आणि धार!! नवी पटाशी डब्यातून काढली की धारदार असते असं समजू नका. आधी तिची पाठ टोकाकडे दगडावर अगदी सपाट करायची, मग उतार साधारण 25 अंशांचा असतो त्यावर 30 अंशांवर बारीकशी दुसरी धार लावायची, पाठीमागच्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागली म्हणजे कड उलटलीये, ती काढली की झालं. 1000 नंबरचा दगड आणि त्यानंतर एक बारीक दगड पुरतो. धार बरोबर लागली की देवदारासारख्या मऊ लाकडाची रेषांना आडवी कापलेली टोकाची कड गुळगुळीत येते, चुरडली जात नाही, तीच खरी परीक्षा. बोथट पटाशी जास्त धोक्याची असते कारण जोर जास्त लावावा लागतो आणि मग ती सटकते. दोन्ही हात कायम धारेच्या मागे, हे पहिल्या दिवसापासून.

दुसऱ्या_वर्षाचा
मी स्वतः सध्या शिकाऊच आहे म्हणून जरा वेगळं सांगतो. दादा आणि ताई म्हणतात ते खरंय पण दिवसाचं बहुतेक काम मशीनवर आणि प्लायवूड-एमडीएफवरच (एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड) जातं हे पण माहीत असू दे, नाहीतर पहिल्याच आठवड्यात हिरमोड होईल. हातकाम लागतं ते शेवटच्या मिलिमीटरला. दार बसवायला गेलो की भिंत ओळंब्यात (अगदी सरळ उभी) नसते, चौकट जरा कललेली असते, आणि दाराभोवती सगळीकडे 2-3 मिमी सारखी फट ठेवायची असते, तिथे कुठलंही मशीन कामाचं नाही, रंधाच लागतो. बिजागरीची खाच राउटरने (खाचा काढायच्या मशीनने) काढली तरी कोपरे गोल राहतात, ते पटाशीनेच चौकोनी करायचे. त्यामुळे दोन्ही शिक, एकाला दुसऱ्याचा पर्याय समजू नकोस.

सँडिंगबद्दल पण सांगतो. कंटाळवाणं आहे, मान्य. पण त्यातच लाकूड कळायला लागतं, रेषा कुठे वळते, गाठीजवळ काय होतं, कुठल्या बाजूने रंधा मारला तर चिरफळ्या उडतील. आणि सांध्याबाहेर आलेला ग्लू नीट पुसला नसेल तर पॉलिश लावल्यावर तिथे फिका डाग दिसतो, हे सँडिंग करणाऱ्यालाच सगळ्यात आधी समजतं.

नवा_शिकाऊ
खूप धन्यवाद सगळ्यांना, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. एक अजून, मी गेलो होतो तेव्हा तिथे एक दार जोडत होते, चौकटीच्या कुसवांना, म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या भोकात बसणाऱ्या टोकांना, ग्लू लावला पण मधलं पॅनेल नुसतं खाचेत सरकवलं, त्याला काहीच लावलं नाही. विचारायला संकोच वाटला. विसरले असतील का?

जुना_रंधा
विसरले नाहीत, बरोबरच केलं. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, त्याप्रमाणे फुगतं-आकसतं. लांबीत जवळपास नाहीच, पण रुंदीत चांगलंच. त्यातही वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जे हलतं ते गाभ्याकडून सालीकडे हलण्याच्या साधारण दुप्पट असतं, म्हणून फळी वाटीसारखी वाकते. रुंद पॅनेल दमट दिवसांत काही मिलिमीटर फुगणार, कोरड्या दिवसांत आकसणार, त्याला चौकटीत चिकटवून टाकलं तर ते एकतर मधोमध तडकेल नाहीतर चौकटीचे सांधे उघडेल. म्हणून खाचेत मोकळं ठेवतात आणि खाचेत थोडी जागाही सोडतात. पॉलिश आधी लावतात ते पण त्यासाठीच, आकसल्यावर कडेला कोरी पट्टी दिसू नये. प्लायवूडला हा त्रास फारसा नाही कारण त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. असे प्रश्न तिथेच विचारत जा रे, ज्याला काम येतं त्याला सांगायला आवडतं. फक्त मशीन चालू असताना नाही.

भुसा_आणि_श्वास
सेफ्टीवर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय, आणि हे मी खूप गंभीरपणे लिहितोय. लाकडाची बारीक धूळ निरुपद्रवी नाही, कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1995 मध्येच तिला माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत धरलंय, नाकाच्या आतल्या भागाचा कॅन्सर. तुझ्या वाट्याला झाडणं आणि सँडिंग येणार म्हणजे सगळ्यात जास्त धूळ तूच खाणार. कोरडा झाडू मारू नकोस, बारीक धूळ तासन्‌तास हवेत तरंगत राहते, फिल्टरवाला व्हॅक्यूम मागून घे. मास्क चेहऱ्याला घट्ट बसणारा हवा, दाढी असेल तर कडेने गळतो. कानाला मफ लाव, 85 डेसिबलच्या वर रोजचं काम म्हणजे ऐकू येणं हळूहळू जातं आणि गेलेलं परत येत नाही.

टेबल सॉच्या पात्यामागे एक पातळ पाचर असते ती लाकूड पात्याला आवळू देत नाही, ती काढून ठेवलेली दिसली तर त्या मशीनवर उभा राहू नकोस. लाकडाचा तुकडा उलटा फेकला जातो तो डोळ्याची पापणी लवायच्या आत, म्हणून पात्याच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही, शेवटचा भाग ढकलायला काठी वापरायची. फिरत्या पात्याजवळ हातमोजे नकोत, ते हाताला आत ओढतात. जे मशीन कोणी नीट शिकवलेलं नाही त्याला हात लावायला सांगितलं तर स्पष्ट नाही म्हण, नवा आहेस म्हणून लाजू नकोस.

पटाशी_ताई
हमालीच्या प्रश्नावर राहिलंच. सुरुवातीला झाडणं-उचलणं सगळीकडे असतं, त्यात वाईट काही नाही. पण लागायच्या आधी लेखी घ्या की कुठल्या कुठल्या गोष्टी शिकवणार, म्हणजे सांधे, मशीन, साइटवर बसवणं, आणि साधारण कधी. रोज काय केलं ते वहीत मापांसकट लिहून ठेवा. दोन-तीन महिन्यांनी वही उघडून बघा, सगळी पानं नुसती सँडिंगची असतील तर ती वही घेऊनच मालकाशी बोला. आणि जेवणाच्या सुट्टीत टाकाऊ तुकडे मागून घ्या, रोज एक कुसवाचा सांधा करा, कुसू जाडीच्या साधारण एक तृतीयांश धरून. पहिले ढिले होतील, होऊ देत.