तुर्भ्यात आमच्या नावाचे नकली ब्रेक पॅड: गुन्हा कसा नोंदवायचा?

रबाळे_पार्ट्स: वर्ग १२ मध्ये (वाहनं आणि त्यांचे भाग) आमचा ट्रेडमार्क नोंदलेला आहे. तुर्भ्यातल्या एका दुकानात हुबेहूब आमचा डबा, आत भलताच माल. गोदाम भिवंडीत असावं. अमेरिकेत राज्यांचे यासाठी स्वतःचे फौजदारी कायदे आहेत, तसा महाराष्ट्राचा आहे का?

कोर्टनाका: नाही. ट्रेडमार्क केंद्राचा विषय, पोलीस तेवढे राज्याचे. ट्रेडमार्क अधिनियम, १९९९ चं कलम १०३ खोटं चिन्ह लावणाऱ्याला, १०४ तो माल विकणाऱ्याला. दोन्हींत ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय नोंदवू शकतात, पण गाडी अडते त्याच कायद्याच्या कलम ११५(४) वर. वॉरंटशिवाय झडती-जप्ती उपअधीक्षक दर्जाच्या, म्हणजे पोलीस आयुक्तालयात एसीपींनीच (सहायक आयुक्त) करायची, तीही ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घेऊन. मत न घेता धाड पडली की आरोपीचा वकील पहिला घाव तिथेच घालतो.

लेबलवाला: डब्यावरच्या चित्रासाठी कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ (कॉपीराइट भंगाची शिक्षा) जोडा. कलम ६४ खाली पीएसआय (पोलीस उपनिरीक्षक) जप्ती करू शकतो, रजिस्ट्रारचं मत लागत नाही. ६३ दखलपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. फक्त डिझाइन बाहेरच्या आर्टिस्टचं असेल तर हक्क लेखी तुमच्या नावावर हवेत. नुसतं साध्या अक्षरातलं नाव असेल तर हा मार्ग विसरा.

रबाळे_पार्ट्स: दुकानदाराला आधी नोटीस द्यावी का?

कोर्टनाका: अजिबात नको, एका रात्रीत गोदाम रिकामं होईल. बिल घेऊन दोन नग विकत घ्या, एक सीलबंद ठेवा. अस्सल-नकलीतले फरक फोटोसकट एका कागदावर मांडा: बॅच नंबर, छपाई, होलोग्राम. सोबत नोंदणी प्रमाणपत्र, चालू नूतनीकरण आणि तक्रारदाराचं अधिकारपत्र. दुकानदार "मला माहीत नव्हतं" म्हणेलच. पण १०४ मधून सुटायला त्याने खबरदारी घेतल्याचं दाखवावं लागतं, आणि विचारल्यावर माल कुणाकडून आला तेही सांगावं लागतं. भिवंडीचा धागा तिथूनच हाती येतो.

लेबलवाला: भिवंडी ठाणे आयुक्तालयात येते, तुर्भे नवी मुंबईत. तक्रारीत गोदामाचा पत्ता पहिल्यापासून लिहा. पंचनाम्यात डबेच नव्हे, छपाईच्या प्लेट आणि डाय (साचे)ही आल्या पाहिजेत, नाहीतर महिनाभरात तोच माल परत बाजारात. झडतीचं चित्रीकरण आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १०५ नुसार सक्तीचं आहे. पोलीस ठाण्यात दाद लागली नाही तर त्याच संहितेच्या १७३(४) खाली पोलीस उपायुक्तांना लेखी कळवा, मग १७५(३) खाली दंडाधिकारी.