सेट लागला की गप बसायचं का? (रविवारची मिसळ गेली)

सिडकोकर:
रविवारी आमच्याकडे चिप्सवर होल्डम (हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच, असा पोकर) चालतं, जो पहिला उडेल त्याने सगळ्यांच्या मिसळीचं बिल द्यायचं. माझ्याकडे दोन सत्त्या, फ्लॉपला, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन पानांत, बदाम राजा, बदाम सत्ती, किलवर दुर्री. तीन सत्त्या झाल्या, म्हणजे सेट. मी गप चेक केलं (चिप्स न लावता पुढे), समोरच्यानेही चेक केलं, टर्नला (चौथं पान) बदाम चौकी आणि त्याच्याकडे बदामाचे एक्का-नव्वी, म्हणजे पाच बदाम, फ्लश, सेटच्या वर. गेलो. सात मिसळ आणि वर ताक. तरी माझं म्हणणं तेच, हातात जोडी असून सेट लागतो साधारण साडेआठ वेळांत एकदा, आणि तेव्हाच जोरात चिप्स लावल्या की सगळे पत्ते टाकून मोकळे, मग उपयोग काय?

पंचवटीकर:
भाऊ तू पोकर नाही, तीन पत्ती खेळलास. दिवाळीत ट्रेल (तीन सारखी पानं) आली की पडेल चेहरा करून हळूहळू चाल देत बसायचं ते ठीक आहे, तिथे वाटलेली पानं बदलत नाहीत. इथे टेबलावर अजून दोन यायची होती! न दिसलेल्या ४७ पानांत ९ बदाम त्याच्या कामाचे, म्हणजे टर्नलाच १९ टक्के, आणि ते पान तू त्याला फुकट दाखवलंस. अर्धा पॉट (मधे जमलेल्या चिप्सच्या निम्म्या) लावला असतास तर कॉल (तेवढ्याच चिप्स घालून खेळात राहणं) परवडायला त्याला जिंकायची २५ टक्के शक्यता लागली असती.

सिडकोकर:
परवडो न परवडो, तो कॉल करतोच. बदाम एक्का हातात असला की घरचा फोनपण उचलत नाही तो.

पंचवटीकर:
अरे मग घे ना त्याच्याकडून!! फुकट का दाखवतोस

गंगापूर रोड:
हीच पानं तीन वेगळ्या रंगांची असती तर एकदा मीपण चेक केलं असतं, त्याला पुढे एक्क्याची नाहीतर नव्वीची जोडी लागली की तो स्वतःच चिप्स घालतो. हातात दोन राजे आणि टेबलावर दोन राजे असले तर समोरच्याला कॉल करायला काही उरतच नाही, तिथे तर थांबायचंच. पण समोर कोण बसलंय ते बघून. आमच्यात एक जण चेक दिसला रे दिसला की उडी मारतो, त्याच्यापुढे मी झोपल्यासारखा बसतो. दुसरा चहा पीत नुसता कॉल कॉल करतो, तो स्वतःहून एक चिप लावणार नाही, त्याच्यासमोर कसला स्लो प्ले, गप बसून काय मिळणार.

नाशिकरोडवाला:
चौकी आल्यावर तरी थांबलास का? फुल हाऊस (तीन सारखी अधिक एक जोडी) किंवा चार सत्त्या व्हायला १० पानं होती, साधारण २२ टक्के, स्वस्तात रिव्हर (शेवटचं पान) बघायची.

सिडकोकर:
थांबतोय कसला, ऑल इन, सगळ्या चिप्स आत. रिव्हरला आली चौकट नव्वी.

पंचवटीकर:
🙏 ताक कितीला पडलं