कार्डचं वेस्ट कमी करायला फ्लॅटचा वेग उतरवावा का?

थाऊगेज

रुईचे भाव चढले की सूतगिरणीत पहिला फतवा निघतो तो कार्डिंग खात्यावर, म्हणजे रुई दातेरी सिलिंडरवर विंचरून तिचा सैल पेळू (स्लायव्हर) करतात तिथे. वेस्ट कमी करा! मग कुणी ब्लोरूमकडे (गाठी फोडून रुई झाडतात तो विभाग) बोट दाखवतं, कुणी जिनिंगवाल्याला शिव्या देतं. माझं म्हणणं, हात आधी फ्लॅटच्या, म्हणजे सिलिंडरवर हळू सरकणाऱ्या दातेरी पट्ट्यांच्या, वेगाला घाला.

कार्डवर वेस्ट मुख्यतः दोन ठिकाणी निघतं. लिकर-इनखाली (रुई आत घेणारा पहिला दातेरी रोलर) पडतो तो सरकीचा चुरा, पानाचे तुकडे, काड्या. त्याला भाव मातीचा. फ्लॅटवरून निघते ती स्ट्रिप मात्र बहुतांशी तंतूच असते. रोटरवर सूत कातणारे ओपन-एंडवाले, चादर-दरीचं जाडं सूत काढणारे ती हसत घेऊन जातात, ते काही उपकार म्हणून नव्हे.

हिशेब ३० नंबर कार्डेड होजिअरीचा, रोज १० टन स्लायव्हर. (नंबर मोठा तितकं सूत बारीक; कार्डेड म्हणजे कार्डनंतर कोंबर या यंत्रावर पुन्हा न विंचरलेलं.) स्ट्रिप २.४ टक्क्यांवरून १.९ वर आणली तर दिवसाला ५० किलो वाचतात. खंडी (३५६ किलो) ५५,००० रुपये धरा, म्हणजे रुई किलोला सुमारे १५५. स्ट्रिप विकून ८५ येतात असं धरा. किलोमागे ७० रुपयांचा फरक, दिवसाला ३,५००, वर्षाच्या ३५० दिवसांचे सव्वाबारा लाख. एकही नवा पार्ट न घेता.

कसं करायचं? फ्लॅटला वेगळी मोटर असेल तर इन्व्हर्टरवरून, जुन्या कार्डात पुली बदलून. मिनिटाला २६० मिमी असेल तर एकदम १९० वर उडी नको. २० मिमीच्या पायऱ्या घ्या, प्रत्येक पायरीवर तीन पाळ्या चालवा, स्लायव्हरचे नेप (तंतूंच्या बारीक गुठळ्या) तपासा, मगच पुढची. आणि हो, वेग अर्धा केला म्हणून स्ट्रिप अर्धी होत नाही. प्रत्येक फ्लॅटवरची स्ट्रिप जाड होते, एकूण टक्का त्यापेक्षा कमी उतरतो. अपेक्षा तशीच ठेवा.

चात्याहिशेब

हिशेब कागदावर छान आहे. तुम्ही वाचवलेले ५० किलो म्हणजे काय, ते मात्र लिहिलं नाहीत.

फ्लॅटमध्ये अडकतं ते नेप, साडेबारा मिमीच्या आतला आखूड तंतू आणि सरकीच्या सालीचा असा तुकडा ज्याला तंतू चिकटलेले आहेत. हा शेवटचा प्रकार लिकर-इनवर सुटत नाही, कारण तंतूच त्याला धरून ठेवतात. फ्लॅटवर नाही निघाला तर तो सुतात जातो आणि होजिअरीत सुई तोडतो.

जरा फ्लॅटचं गणित करा. एका वेळी कामावर साधारण २८ फ्लॅट, दोन फ्लॅटमधलं अंतर ३६ मिमीच्या आसपास. म्हणजे काम चालतं ती लांबी एक मीटर. २६० ने फ्लॅट सिलिंडरवर चार मिनिटांच्या आत राहतो, १९० ने सव्वापाच मिनिटांहून जास्त. फ्लॅटचे दात भरतात ते सुरुवातीलाच. भरल्यावर तो नुसता सोबत फिरतो, नेप धरत नाही. वेग कमी करणं म्हणजे भरलेले फ्लॅट जास्त वेळ फिरवणं.

चूटमधून कार्डला येणाऱ्या मॅटमध्ये (रुईच्या थरात) ग्रॅमला ३०० नेप आणि स्लायव्हरमध्ये ७५ असतील तर नेप काढण्याची क्षमता ७५ टक्के. स्लायव्हरमध्ये ९५ झाले की ती ६८ वर घसरली. हे २० नेप कोण काढणार? कार्डेडमध्ये पुढे कोंबर नाही. ड्रॉफ्रेम, सिम्प्लेक्स, रिंगफ्रेम नेप काढत नाहीत, सुतात बसवतात. ऑटोकोनरवर (सुताचे कोन गुंडाळणारं यंत्र, दोष दिसला की सूत कापतं) कट वाढतात. आणि तुमच्या ५० किलोंतला आखूड तंतू रिंगफ्रेमवर फ्लाय होऊन उडणार, उरलेला केसाळपणा वाढवणार.

सव्वाबारा लाखांतून हे वजा करा, मग बोलू.

थाऊगेज

फ्लॅट लवकर भरतो, हा तर माझाच मुद्दा झाला. भरलेला फ्लॅट नेप धरत नसेल तसा नवा चांगला तंतूही धरत नाही, म्हणून तर टक्का उतरतो. शिवाय नेप निघतात ते नुसते फ्लॅटमध्ये अडकून नव्हे. बरेचसे सिलिंडर आणि फ्लॅटच्या दातांमध्ये उलगडून सुटे होतात. त्याला धार आणि सेटिंग लागतं, वेग नव्हे. वायरची धार गेलेली, फ्लॅट १२ थाऊवर (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ढिले, आणि वेग ३०० ठेवून वेस्ट काढत बसायचं, हा उलटा कारभार कितीतरी ठिकाणी दिसतो.

रुईमास्तर

दोघेही फ्लॅटवर भांडताय, पण चांगला तंतू खरा वाया जातो तो लिकर-इनखाली. बाजारात त्याला भाव नाही म्हणून कुणी बघत नाही. स्ट्रिपमधला तंतू निदान ८५ रुपयांना विकला जातो. लिकर-इनच्या केरातला तंतू केराच्याच भावाने जातो. एक किलो वाचवायचाच तर आधी तिथला वाचवा.

आधी मोजा. हल्ली सगळ्या कार्डांचं वेस्ट सेंट्रल सक्शनने ओढून एकाच ठिकाणी गाठ बांधतात. त्यामुळे कुठल्या कार्डाने किती टाकलं आणि कुठून टाकलं, पत्ताच लागत नाही. एक कार्ड निवडा, पूर्ण साफ करा. लिकर-इनच्या आणि फ्लॅटच्या सक्शन नळ्या वेगवेगळ्या करून त्यांना जाळीच्या पिशव्या लावा. पिशवी बारीक विणीची नको, हवा अडली की सक्शनचा दाब पडतो आणि सगळी चाचणीच खोटी होते. आठ तास चालवा, स्लायव्हर आणि दोन्ही पिशव्या तोला. ताशी ४५ किलोने ३६० किलो स्लायव्हर, लिकर-इन ७.६ किलो, फ्लॅट ९.१ किलो आले समजा. एकूण ३७६.७. लिकर-इन २.०, फ्लॅट २.४ टक्के. भागाकार एकूण मालाने करायचा, नुसत्या स्लायव्हरने नाही. हीच चूक धरून दोन गिरण्या आपापले टक्के एकमेकांना दाखवत बसतात.

आता लिकर-इनच्या पिशवीतला १०० ग्रॅम नमुना शर्ली ॲनालायझरमधून काढा. तंतू एकीकडे, कचरा एकीकडे. तंतूचा वाटा खातेभर सारखा असेल तर ठीक. एखाद्या कार्डावर तो बाकीच्यांपेक्षा फार जास्त दिसला तर कारणं ठरलेली आहेत:

- फीड प्लेट आणि मोट नाइफ (कचरा वेगळा काढणारी पाती) यांमधली उघडी जागा जास्त आहे. जागा जितकी मोठी तितकं जास्त पडतं, कचऱ्याबरोबर तंतूही.
- सक्शन पुस्तिकेतल्या पास्कलपेक्षा जास्त आहे, पंखा चांगला तंतूही खेचतो. कमी असेल तर उलट दुखणं. नाइफवर तंतूच्या वळ्या जमतात आणि एकदम गठ्ठ्याने आत जातात.
- लिकर-इनचे दात वाकलेत किंवा बोथट झालेत. फीड रोलकडून गुच्छ सुटा होत नाही, तसाच खाली पडतो.
- चूटची मॅट एका कडेला जाड, एका कडेला पातळ. पातळ कडेला पकड ढिली, तिथून गठ्ठे सुटतात. ही गोष्ट नाइफ फिरवून सुटत नाही, चूट दुरुस्त करावी लागते.

लिकर-इनचा वेग हे वेगळंच प्रकरण. मिनिटाला ९०० वरून १,३०० फेरे केले की कचरा छान सुटतो आणि तंतूही तुटतो. तुटलेला तंतू पुढे फ्लॅटमध्ये जातो, आणि मग तुम्ही दोघे म्हणता फ्लॅटचं वेस्ट वाढलं!

फरदड

रुईमास्तरांच्याही मागे एक पाऊल. पहिल्या-दुसऱ्या वेचणीची रुई आणि फरदडीची (हंगाम लांबवून घेतलेल्या शेवटच्या पिकाची) रुई एकाच मिक्सिंगमध्ये टाकून कार्डचं वेस्ट स्थिर ठेवा म्हणणं अन्याय आहे. फरदडीचा तंतू अपक्व, मायक्रोनेअर (तंतूच्या जाडी-पक्वतेचं माप) कमी. असा तंतू लवचीक असतो, गुंतायला तयारच. नेप तिथेच जन्मतात, ब्लोरूम ते वाढवते, आणि शिक्षा कार्डला. त्यात बोंडअळीने खाल्लेली कवडी मिसळली की सालीचे तुकडेही आले.

कापूस तंत्रज्ञान अभियान २००० साली सुरू झालं, त्यात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने सुधारले आणि गाठीतला कचरा बराच उतरला. तरी कित्येक कार्डांचे नाइफ जुन्याच केराच्या हिशेबाने उघडे आहेत. गाठ स्वच्छ आली तर सेटिंग बदलायला नको? मायक्रोनेअरप्रमाणे गाठी लावा, मिक्सिंग बदललं की वेस्टची चाचणी पुन्हा घ्या. मिक्सिंग दर आठवड्याला बदलायचं आणि टक्का वर्षभर एकच मागायचा, हे गणित जमत नाही.

कोनवाली

चात्याहिशेब, कट वाढतात हे खरं, पण नुकसान नेमकं कुठे होतं तेही मांडूया. ३० नंबरच्या एका किलोत साधारण ५०.८ किलोमीटर सूत. १० टन म्हणजे सुमारे ५,०८,००० किलोमीटर. क्लीअररचे (ऑटोकोनरवर सुतातले दोष पकडून कापणारं उपकरण) कट १०० किलोमीटरला १० ने वाढले तर रोजचे ५०,८०० जादा कट.

आकडा बघून घाबरू नका. एका कटला दीड मीटर सूत गेलं तरी एकूण ७६ किलोमीटर, म्हणजे जेमतेम दीड किलो हार्ड वेस्ट. थाऊगेजांच्या ५० किलोंपुढे काहीच नाही.

पण वेळ पाहा. एका कटला सूत गुंडाळणारा ड्रम १० सेकंद थांबला तर १४१ ड्रम-तास रोज. मिनिटाला १,३०० मीटरने एवढं सूत गुंडाळायला ६,५०० च्या आसपास ड्रम-तास लागतात. म्हणजे दोन टक्के कार्यक्षमता गेली. ऑटोकोनरची क्षमता मोकळी असेल तर हा तोटा जाणवणारही नाही. वाइंडिंगच अडसर असेल तर रिंगफ्रेमचे बॉबिन साचायला लागतील. उत्तर गिरणीगणिक वेगळं. शिवाय प्रत्येक कटला एक स्प्लाइस (सुताचा सांधा), तोही कापडात जातोच.

चात्याहिशेब

कोनवालीताई, आकडेमोड मान्य. पण क्लीअरर प्रत्येक नेप कापत नाही. कापायला लावलं तर वाइंडिंग बंद पडेल. क्लीअररच्या मर्यादेखालचे नेप सुतात राहतात आणि रंगणीत वर येतात. अपक्व तंतूचा नेप रंग धरत नाही. काळ्या, गडद निळ्या कापडावर पांढरा ठिपका. गिऱ्हाईक मालाचे पैसे कापतं तेव्हा ती रक्कम कार्डिंगच्या खात्यावर कुणी लिहीत नाही, म्हणून कार्डिंगची बचत कायम गोड दिसते.

धोटा

इचलकरंजीकडच्या लूमसाठी जाणाऱ्या २० नंबरच्या ग्रे सुतात हा ठिपका कुणी विचारत नाही. तिथे ताकद आणि बीमवरची तुटातूट बघतात. सगळ्यांना होजिअरीची फूटपट्टी लावू नका.

रुईमास्तर

कोंब्ड (कोंबर लावलेल्या) मालाबद्दल कुणीच बोललं नाही, तिथे चित्र उलटतं. फ्लॅटने न काढलेला आखूड तंतू पुढे कोंबर नॉईलमध्ये (त्याच्या वेस्टमध्ये) काढतोच, आणि नॉईलला स्ट्रिपपेक्षा चांगला भाव असतो. म्हणून कोंब्डला थाऊगेजांचा सल्ला बऱ्याच अंशी लागू. कोंबरच्या कंगव्यावर सालीचे तुकडे वाढले तर थांबायचं. आणि स्ट्रिप अधिक नॉईल अशी बेरीज बघायची. नुसती स्ट्रिप कमी झाली आणि नॉईल १६ चं १७ झालं तर कसली बचत?

थाऊगेज

मान्य. पण माझ्या मूळ म्हणण्याला एक पुरवणी, कारण वेग हा एकच खटका नाही. जुन्या कार्डात सिलिंडरच्या पुढच्या प्लेटची वरची कडा बघा. ती सिलिंडरजवळ आणली की स्ट्रिप हलकी होते, लांब नेली की जड. स्ट्रिप सोलून हातात घ्या. दोन स्ट्रिपच्या मध्ये लांब तंतूंचा पूल दिसला तर चांगला माल जातोय. अशा कार्डावर वेग न बदलता फरक पडतो.

सेटिंग लिकर-इनकडून डॉफरकडे (सिलिंडरवरून तंतू उतरवून घेणारा रोलर) १०, ९, ९, ८, ८ थाऊ असं उतरत आणा, पण फ्लॅटच्या टोकांना ग्राइंडिंग झाल्याशिवाय नाही. एखादा फ्लॅट वर-खाली असेल तर ८ थाऊवर वायर घासेल आणि महिन्याभराची बचत एका पाळीत जाईल. लीफ गेज दोन्ही बाजूंनी फिरवा, ड्राइव्हच्या बाजूला मोजून दुसरी बाजू गृहीत धरू नका.

आर्द्रताही बघा. खातं ५० टक्क्यांच्या खाली कोरडं गेलं की स्थिर वीज, फ्लाय, वेब (डॉफरवरून निघणारी तंतूंची पातळ जाळी) तुटणं. ५५ च्या फार वर गेलं की वेब लोंबतो, डॉफरवर गुंडाळतो. तुटलेल्या वेबचा स्लायव्हर पुन्हा मिक्सिंगमध्ये टाकतात म्हणून तो वेस्टच्या तक्त्यात दिसत नाही, पण दुसऱ्यांदा ब्लोरूमचा मार खाऊन आलेला तो तंतू नेपचं बियाणंच असतो.

फरदड

मग स्ट्रिपच पुन्हा मिक्सिंगमध्ये दोन टक्के टाकायची टूम निघते, तिचं काय?

चात्याहिशेब

रिंगच्या ३० नंबरात? अजिबात नाही. जे नेप काढायला वीज जाळली तेच परत पेरायचे. ओपन-एंडच्या ६, १० नंबरात टाका, खुशाल.

मूळ वादावर शेवटचं. ग्रे २० ला वेग उतरवा, कोंब्डला बेरीज बघून उतरवा. ३० कार्डेड रंगणीला जाणार असेल तर २६० च्या खाली जायचं नाही, जोवर स्लायव्हरचे नेप तेच राहतात असा तीन मिक्सिंगचा कागद समोर येत नाही.

थाऊगेज

तीन मिक्सिंगचा कागद कबूल. पण कागद येईस्तोवर २६० कशाला? वायर ताजी आणि फ्लॅट नुकतेच ग्राइंड केलेले असतील तर २४० ला माझी ना नाही. धार उतरत गेली की वेग पुन्हा चढवा. वेग एकदा लावून विसरायची गोष्ट नाही, ग्राइंडिंगच्या वहीत त्याचा वेगळा रकाना हवा.